लाल शैवाल: रंगापलीकडची ओळख

समुद्रातील शैवालांचे हिरवे, तपकिरी व लाल असे गट पडत असले, तरी त्यांच्या वर्गीकरणात रंगाबरोबरच पेशीतील रंगद्रव्ये, अन्नसाठ्याचे स्वरूप आणि प्रजननाची रीत यांचाही विचार होतो. लाल शैवालांच्या, म्हणजे ऱ्होडोफायटा या गटाच्या, सुमारे ७,००० जाती ज्ञात असून त्यांतील बहुतेक सागरी आहेत. त्यांच्यातील फायकोएरिथ्रिन हे लाल रंगद्रव्य निळा-हिरवा प्रकाश शोषून ती ऊर्जा हरितद्रव्याकडे पोहोचवते. त्यामुळे लाल किरण जेथे पोहोचत नाहीत अशा खोल पाण्यातही काही जाती प्रकाशसंश्लेषण करू शकतात. जीवनचक्राच्या कोणत्याही टप्प्यात त्यांना कशाभिका, म्हणजे पोहण्यास उपयोगी पडणारा चाबकासारखा तंतू, नसल्यामुळे त्यांच्या नर-युग्मकांना स्वतः पोहता येत नाही.

या जीवनचक्रातील अवस्था परस्परांहून इतक्या भिन्न दिसतात, की एकाच जातीची दोन रूपे दोन स्वतंत्र शैवाले मानली गेली. शिंपल्यांच्या कवचात वाढणारे ‘कॉन्कोसेलिस’ ही पोर्फायरा या शैवालाचीच एक अवस्था असल्याचे ब्रिटिश शास्त्रज्ञ कॅथलीन ड्र्यू-बेकर यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले. जपानी आहारातील ‘नोरी’ याच कुळातील शैवालापासून बनत असल्याने, या शोधामुळे तिच्या बीजाणूंचा उगम कळला आणि तिची नियंत्रित शेती शक्य झाली. वर्गीकरणाचा पाया भक्कम करण्यासाठी संपूर्ण जीवनचक्राचा अभ्यासही किती महत्त्वाचा असतो, हे या शोधाने दाखवून दिले.