साहेबाचा हात कुठवर पोहोचतो?

दर सप्टेंबरात शाळा सुरू झाली की आपण पालक मंडळी ऑनलाइन फॉर्म भरत बसतो. त्यातलं एक पान 'एचआयबी'चं असतं, म्हणजे मुलांमधल्या छळाचं, धमकावण्याचं, दादागिरीचं. न्यू जर्सीचा हा कायदा २०११ सालचा, आणि देशातल्या कडक कायद्यांपैकी एक. कुणी एखाद्या मुलाला त्याच्या वेगळेपणावरून छळतंय अशी तक्रार आली, की एका शालेय दिवसात चौकशी सुरू व्हावी लागते आणि दहा शालेय दिवसांत ती पुरी व्हावी लागते. मी भारतात शाळेत शिकवत असे. तिथे 'बाई, हा मला चिडवतो'चा निकाल आम्ही दोघांनाही उभं करून दोन मिनिटांत लावत असू. त्यामुळे या पानाचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

पण त्याच मुलाच्या बाबांना किंवा आईला ऑफिसात साहेब रोज दहा जणांसमोर घालूनपाडून बोलत असेल तर? मोठ्यांसाठी न्यू जर्सीत असा कायदा नाही. इथला भेदभावविरोधी कायदा १९४५ पासून आहे आणि तो चांगला भक्कम आहे. मात्र वंश, मूळ देश, धर्म, लिंग, वय, अपंगत्व अशा कारणांवरून छळ होत असेल तरच तो मदतीला येतो. तुमच्या उच्चारांची नक्कल, 'तुम्ही इंडियन लोक असेच' अशी वाक्यं वारंवार होत असतील तर त्यात दम आहे. साहेब सगळ्यांशीच सारखा वाईट वागत असेल तर मात्र बहुतेक वेळा हात टेकावे लागतात. देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९८ साली म्हटलं होतं, की हे कायदे म्हणजे कामाच्या जागेची सभ्यतेची नियमावली नव्हे. हे ऐकून माझी एक मैत्रीण म्हणाली, "म्हणजे छळायचं तर सरसकट छळावं!"

आपल्याकडे त्यात व्हिसाची भर. इथला सहकारी वैतागला तर दुसरी नोकरी बघून राजीनामा देतो. आपला माणूस आधी मनात हिशेब करतो: एच-१बी कंपनीच्या नावावर, ग्रीन कार्डाचा अर्ज कंपनीच्या हातात, घराचा हप्ता, मुलांची शाळा. अडला हरी, दुसरं काय! मग तोंड दाबून बुक्क्यांचा मार सुरू होतो. प्रिन्स्टन जंक्शनहून न्यूयॉर्कला जाऊन-येऊन रोजचे तीन-चार तास जातात, ते वेगळेच.

हा मार घरात कसा येतो ते आम्हा घरच्यांना ठाऊक असतं. गाडी ड्राइव्हवेत लागल्याचा आवाज येतो, पण माणूस दहा-पंधरा मिनिटं आत येत नाही. रविवारी दुपारनंतर बोलणं कमी होतं. जेवताना फोन वाजला की चेहरा बदलतो. मुलाने पाणी सांडलं म्हणून ओरडा बसतो, आणि मुलाला कळतच नाही की हा ओरडा मुळात त्याच्यासाठी नव्हता. विचारलं तर उत्तर एकच, "काही नाही, काम जास्त आहे."

काम जास्त असणं आणि हे, यात फरक आहे. रॉबर्ट करासेक या अभ्यासकाने १९७९ साली मांडलं, की माणसाला घातक ठरतो तो नुसता कामाचा बोजा नाही. बोजा मोठा आणि स्वतःच्या हातात काहीच नाही, ही जोडगोळी घातक. लंडनमधल्या सरकारी नोकरांवर मायकेल मार्मट यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यातही आपल्या कामावर ज्यांचा ताबा कमी, त्यांच्यात हृदयविकार जास्त दिसला. आणि व्हिसा नेमका हा ताबाच काढून घेतो. निदान आपल्याला तसं वाटतं.

'वाटतं' असं मी मुद्दाम म्हणते. साहेबाचा हात आपण समजतो तितका लांब नसतो. २००० सालच्या कायद्याने एच-१बीवाल्याला एक सोय दिली. नव्या कंपनीचा अर्ज दाखल झाला की तिच्याकडे काम सुरू करता येतं, मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. जानेवारी २०१७ पासून नोकरी गेली किंवा सोडली तरी साठ दिवसांपर्यंत सवड मिळू शकते. आय-९४ वरची तारीख त्याआधी संपत असेल तर तेवढीच. ग्रीन कार्डाच्या रांगेचंही तसंच. आय-१४० एकदा मंजूर झाला, की रांगेतली तारीख सहसा आपली राहते; नव्या कंपनीला कागदपत्रं पहिल्यापासून करावी लागली तरी नंबर मागे जात नाही. मंजुरीला १८० दिवस उलटले असतील, तर जुन्या कंपनीने रागाने अर्ज मागे घेतला तरी सहा वर्षांपुढची मुदतवाढ त्याच्या आधारावर मागता येते. आय-१४० मंजूर व्हायच्या आधीचा काळ मात्र खरोखर नाजूक. तेव्हा नोकरी सोडली तर रांगेत पुन्हा शेवटी उभं राहावं लागतं. त्यामुळे आपण नेमके कोणत्या टप्प्यावर आहोत हे घरातल्या दोघांनाही माहीत हवं. बऱ्याच घरांत ते एकालाच माहीत असतं. आय-१४० च्या मंजुरीचा कागद कंपनीकडे जातो, म्हणून पुष्कळांकडे त्याची प्रतच नसते. ती साहेबाशी बिनसायच्या आधी मागून घ्यावी. आणि पाऊल उचलण्याआधी वकील आपला पाहावा, कंपनीचा नव्हे. तासाभराच्या सल्ल्याचे पैसे जड वाटतात, पण इथे काटकसर नको.

नोकरी टिकवायची असेल तेव्हा लिहून ठेवणं फार उपयोगी पडतं. तारीख, वेळ, नेमके शब्द, समोर कोण होतं. 'साहेब फार त्रास देतो' याला वजन नसतं. 'मंगळवारी, सहा जणांसमोर, हे वाक्य' याला असतं. ही वही घरी, स्वतःची असावी. ऑफिसचे ईमेल स्वतःच्या खात्यावर पाठवू नयेत, त्यावरूनच नोकरी जाऊ शकते. एचआर कंपनीचा पगार घेतं हे ध्यानात ठेवून तिथे जावं, पण जावं. तक्रार लेखी द्यावी. भेदभावाचा मामला असेल तर मुदती आहेत: राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे १८० दिवस, राज्याच्या कायद्याखाली कोर्टात दोन वर्षं. 'जरा थांबून बघू' म्हणता म्हणता पहिली मुदत निघून जाते.

आणि डॉक्टर. झोप नाही, छातीत धडधड, सकाळी ऑफिसच्या विचाराने मळमळ, हे डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे. न्यू जर्सीत २०१८ पासून वर्षाला चाळीस तासांपर्यंत पगारी आजारपणाची रजा मिळते, आणि मनाचा आजारही त्यात धरला आहे. पुष्कळ कंपन्यांत समुपदेशनाच्या काही बैठका मोफत असतात. साहेबाला त्याचा पत्ता लागत नाही. अगदीच असह्य झालं तर ९८८ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

हे सारं फक्त इथलंच नाही, हे आपल्या नातेवाइकांना सांगायला नको. जुलै २०२४ मध्ये पुण्यात एका मोठ्या लेखापरीक्षण कंपनीत काम करणारी सव्वीस वर्षांची सीए मुलगी नोकरीला लागून चारच महिने होतात तोच गेली. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरात सगळीकडे वाचलं गेलं. त्या माउलीने कामाच्या ताणाकडे बोट दाखवलं होतं, आणि केंद्राच्या कामगार मंत्रालयानेही दखल घेतली. त्या आठवड्यात आपल्याकडे किती आई-वडिलांचे फोन आले असतील! "तुझं ठीक आहे ना रे?" आणि इकडून ठरलेलं उत्तर, "हो गं आई, मजेत."

आई-वडिलांना काळजी नको म्हणून आपण मजेत असतो. आणि 'अमेरिकेतला मुलगा' या नावाला धक्का नको म्हणून तेही खोलात विचारत नाहीत. "एवढा पगार आहे, थोडं सोसायचं" हे वाक्य तिकडून प्रेमानेच येतं, पण ते ऐकल्यावर इकडचा माणूस पुढच्या वेळी काही सांगत नाही. त्यापेक्षा "साहेब कसा आहे तुझा?" असं विचारून पाहा. उत्तराला थोडा वेळ लागेल. फोन ठेवू नका.