अळीचे फुलपाखरू कसे होते?

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या मुलांना कारखान्याचा भोंगा ठाऊक आहे. भोंगा वाजला की पाळी बदलते. एक कामगार घरी जातो, दुसरा यंत्रापाशी उभा राहतो. किड्यांच्या शरीरातही अशीच पाळी बदलते. तिथे भोंगा कोण वाजवतो? हे समजण्यासाठी दारातले लिंबाचे किंवा कढीपत्त्याचे झाड पाहा.

या झाडाच्या पानांवर फुलपाखराची मादी अंडी घालते. अंड्यातून अळी बाहेर येते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे पक्षी तिला सहसा खात नाहीत. ती सारखी पाने खाते. तिचे अंग वाढते. पण कातडी फारशी वाढत नाही. म्हणून ती कात टाकते. चार वेळा कात टाकून ती हिरवीगार होते. पाचव्या वेळी मात्र कातीखालून कोश निघतो. साधारण दहा दिवसांनी कोशातून फुलपाखरू बाहेर पडते.

पाचव्या वेळीच असे का होते? अळीच्या शरीरातील ग्रंथींतून काही रस पाझरतात व रक्तात मिसळतात. त्यांना संप्रेरके म्हणतात. एक संप्रेरक सांगते, ''कात टाक.'' दुसरे सांगते, ''अजून लहानच राहा.'' दुसरे भरपूर असते, तोपर्यंत कातीखालून अळीच निघते. अळी पुरेशी वाढली की ते कमी होते. मग कात टाकताच कोश तयार होतो.

ही संप्रेरके फारच थोडी असतात. १९५४ साली जर्मनीतील शास्त्रज्ञांनी रेशीमकिड्यांच्या ५०० किलो कोशांतून कात टाकायला लावणारे संप्रेरक वेगळे केले. ते मिळाले फक्त २५ मिलिग्रॅम!

१९६५ साली एक गंमत उघड झाली. कारेल स्लामा या शास्त्रज्ञाने युरोपातून तांबडे किडे अमेरिकेत नेले. तिथे ते मोठे होईनात. पुन्हा पुन्हा पिल्लेच राहून ते मरू लागले. अखेर कारण सापडले. बरणीत ठेवलेला कागद ज्या झाडापासून बनला होता, त्या झाडातच ''लहान राहा'' असे सांगणारा पदार्थ होता!

या ज्ञानाचा माणसाला उपयोग झाला. असे पदार्थ आता कारखान्यात तयार करतात. ते साचलेल्या पाण्यात टाकले, की डासाची अळी कोशापर्यंत पोचते. पण कोशातून डास बाहेर पडत नाही. डास नाही, तर डेंग्यूही नाही. मात्र घरातले साचलेले पाणी आपण स्वतःच ओतून द्यावे, हे उत्तम.

लिंबावर अळी दिसली तर तिला लगेच चिरडू नका. महाराष्ट्राने २०१५ साली 'राज्य फुलपाखरू' म्हणून निवडलेली राणी पाकोळी लिंबाच्या कुळातील झाडांवरच वाढते. अळीला चार पाने खाऊ द्या. तिची पाळी बदलायची वेळ जवळ आली असेल.

शब्दार्थ
पाळी – कामाची ठरलेली वेळ
कात – किड्याने किंवा सापाने टाकलेली जुनी कातडी
ग्रंथी – शरीरात रस तयार करणारा भाग

स्वाध्याय
१. अळी कात का टाकते?
२. तांबडे किडे मोठे का झाले नाहीत?
३. तुमच्या परिसरातील एका अळीचे रोज निरीक्षण करा व पाच वाक्ये लिहा.