रहाडीतला धप्पा आणि यंत्राची फेरिस्त

चलच्चित्राच्या संकलनाचे काम ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना हे ठाऊक असते की कात्री चालवण्यास लागणारा वेळ, ती कोठे चालवावयाची तो तुकडा हुडकण्यास लागणाऱ्या वेळाच्या मानाने अगदीच थोडा असतो. दादासाहेब फाळक्यांच्या 1913 सालच्या ‘राजा हरिश्चंद्रा’ची लांबी सुमारे 3,700 फूट होती; फुटाला 16 फ्रेमा या हिशेबाने सारा चित्रपट साठ हजार फ्रेमांच्या आत बसतो, आणि पुढे नाशकास येऊन त्यांनी जो कारखाना मांडला, तेथे फीत उजेडासमोर धरून, चिमटीत सरकवीत हवा तो क्षण गाठणे मनुष्याच्या आवाक्यातले होते. आज रंगपंचमीला जुन्या नाशकात फिरून आलेला कॅमेरा एका तासात 90,000 फ्रेमा आणतो, आणि त्यांच्या फायलींची नावे म्हणजे निव्वळ आकडे.

ही अडचण हलकी करण्याच्या एका खटपटीत, गावच्या सणवारांचे चित्रण वर्षानुवर्षे साठवणाऱ्या काही स्नेह्यांजवळ मला बसावयास मिळाले. त्यांचे संकलनाचे साधन केडेनलाइव्ह. 2002च्या सुमारास सुरू झालेले, स्वयंसेवकांनी वाढवलेले, आणि ज्याची आज्ञावली कोणासही वाचता, बदलता व वाटता येते असे. शब्दांत विचारावे आणि दृश्य पुढे यावे, ही सोय त्यात घालावयाची होती. सशुल्क साधनांत ती येऊ लागली आहे. येथे मात्र अट अशी की चित्रण घराबाहेर कोणाच्या यंत्रावर जाऊ नये आणि शोध कसा लागला ते उघडून पाहता यावे. सुदैवाने वाट आधीच पडलेली होती. बोललेले लिहून काढणारे वोस्क आणि व्हिस्पर हे भाग केडेनलाइव्हमध्ये पूर्वीपासून आहेत, व ते मुख्य कार्यक्रमाच्या पोटात न राहता पायथनमध्ये स्वतंत्र चालतात, म्हणजे पाहुणा कोसळला तरी यजमानाचे काम बुडत नाही. शोधाचे यंत्रही त्याच दाराने आत घेतले गेले.

यंत्राचे नाव क्लिप. ओपनएआय संस्थेने 2021 साली प्रसिद्ध केलेले, चित्र आणि त्याखालचा मजकूर अशा 40 कोटी जोड्यांवर घडवलेले. एफएफएमपेग ही चलच्चित्रे हाताळणारी आज्ञावली दर सेकंदाची एक फ्रेम काढून देते. क्लिपची लहान आवृत्ती ती 224 गुणिले 224 बिंदूंच्या चौकोनात आणून, तिचे 49 तुकडे करून, अखेर 512 आकड्यांची एक ओळ तयार करते. विचारलेल्या वाक्याचीही तशीच ओळ होते, आणि दोन ओळींची दिशा जितकी जुळेल तितके ते चित्र त्या वाक्याला समीप. एका तासाच्या चित्रणाची ही नोंदवही अवघ्या सात मेगाबाइटांत मावते. परंतु चौकोन करण्याच्या रूढ रीतीत रुंद फ्रेमेचा केवळ मधला भाग राखला जातो आणि सोळास नऊच्या चित्राची जवळजवळ 44 टक्के रुंदी दोन्ही कडांना गळून पडते, ही गोष्ट रहाडीच्या, म्हणजे रंगाच्या हौदाच्या, काठावरून झेपावणारा माणूस यंत्राला वारंवार दिसेना तेव्हाच ध्यानी आली. उपाय साधा निघाला: डावा आणि उजवा असे दोन चौकोन घ्यावयाचे. नोंदवही दुप्पट झाली, पण कडा परत मिळाल्या.

रहाडी म्हणजे पेशवेकालीन हौद. एरवी रस्त्याखाली बुजलेले, रंगपंचमीला उघडले जाणारे, आणि त्यांत घेतलेल्या उडीला नाशिककर धप्पा म्हणतात. उडी घेणारा आणि बाहेर निघणारा यांतला भेद एका स्थिर फ्रेमेत पुष्कळदा नसतोच. म्हणून यंत्र दोघांना एकाच पंक्तीत बसवते. ‘तिवंध्याची रहाड’ हे नाव तर त्याच्या गावीही नाही. तथापि प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो, तिवंध्याचा पिवळा, शनी चौकातला गुलाबी. तेव्हा ‘पिवळ्या पाण्यातली माणसे’ असे विचारताच तिवंधा हजर झाला. जे गावाला नावाने ठाऊक आहे ते यंत्राला रंगाने सांगावे लागते, आणि ही युक्ती आज्ञावली लिहिणाऱ्याला नव्हे, लहानपणी त्या रंगात भिजलेल्या संकलकाला सुचली, याचे मला मुळीच आश्चर्य वाटले नाही. दुतोंड्या मारुतीसाठी, ज्याच्या अंगावर पाणी कोठवर चढले यावरून गोदेचा पूर जोखला जातो, शब्द सोडून त्याचीच एक फ्रेम प्रश्न म्हणून दिली. चित्रावरून चित्र शोधणे त्याच नोंदवहीने निभावले.

मराठीत विचारण्याची वाट याहून बिकट होती. मूळ क्लिप इंग्रजीवर पोसलेले, त्यात प्रश्नाला 77 शब्दखंडांची मर्यादा, आणि देवनागरीच्या एकेका अक्षराचेही ते तुकडे पाडते. साहजिकच उत्तरे वाटेल ती येत. अखेरीस मराठी प्रश्न इंग्रजीत आणण्यासाठी एआय4भारतचे 2023 सालचे इंडिकट्रान्स2 हे भाषांतरयंत्र मध्ये बसवले, तेही घरच्याच संगणकावर.

या शोधाचा एक स्वभाव मात्र कोणत्याही शिरस्तेदाराला खपला नसता: तो ‘दाखल नाही’ असे कधीच म्हणत नाही. रंगपंचमीच्या चित्रणात हत्ती विचारला तरी सर्वांत समीप असे काहीतरी तो पुढे करतोच. तरुण मंडळींचा आग्रह होता की सापडलेले तुकडे थेट टाइमलाइनवर चढावेत. मला तो धोक्याचा वाटला, आणि बऱ्याच वादानंतर ठरले ते असे की यंत्राने चित्रणाच्या तुकड्यावर केवळ मार्कर लावावा, शेजारी समीपतेचा आकडा दाखवावा, आणि रुजुवात संकलकाने डोळ्यांनी करावी.

सध्या 2015च्या सिंहस्थाचे चित्रण नोंदवहीत चढत आहे. तेथे रंगाची युक्ती फुकट जाते, कारण पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर जिकडेतिकडे भगवेच भगवे. म्हणून निर्मोही, निर्वाणी आणि दिगंबर या तिन्ही अनी आखाड्यांच्या निशाणांच्या फ्रेमा प्रश्न म्हणून देऊन पाहण्याचे चालले आहे. निशाण वाऱ्याने गुंडाळले गेले की मात्र शोध अडतो.