तारलीची चरबी आणि ताटातली जात

बेलापूरच्या दिवाळे गावातल्या मासळीबाजारात सायंकाळी उभे राहिले की एक गोष्ट ध्यानात येते. मोटारीतून उतरलेला माणूस पापलेट आणि सुरमईपाशी थांबतो. तुर्भे स्टोअर, इंदिरानगर इकडून बसने आलेली आमची बाई तारली, मांदेली, बांगडा यांच्या वाट्यांपाशी बसून घासाघीस करते. मागे अशीच एक ओळखीची ताई भेटली. वस्ती सोडून ती नुकतीच सोसायटीत राहायला गेली आहे. तिने तारली काळ्या पिशवीत घातली आणि ती पिशवी भाजीच्या थैलीत खाली दडवली. आम्ही कारण विचारले, तर म्हणाली, "काय करता वकीलसाहेब, लिफ्टमध्ये लोक नाकाला रुमाल लावतात. सेक्रेटरी म्हणतो, नोटीस काढीन."

ही ताई जो मासा लपवून नेते, त्याच्या अंगातल्या तेलाविषयी आज लिहायचे आहे. कारण गरिबाच्या ताटातले ते निकृष्ट आणि महागाचे ते उत्कृष्ट, हा समज प्रस्थापितांनी आमच्याही डोक्यात पक्का बसवला आहे. विज्ञान या समजाला काडीचाही आधार देत नाही.

चरबी म्हटली की आपल्याला वाटते सगळी सारखीच. तसे नाही. प्रत्येक चरबी ही निरनिराळ्या मेदाम्लांची बनलेली असते. तूप आणि चरबी थंडीत थिजते, कारण त्यात संपृक्त मेदाम्ले जास्त. माशाचे तेल थिजत नाही, कारण त्यातली मेदाम्ले असंपृक्त. थंड पाण्यात राहणाऱ्या जिवाची चरबी घट्ट झाली तर तो हालचाल कशी करणार? या असंपृक्तांपैकी ओमेगा-३ नावाच्या गटाची मेदाम्ले आपले शरीर मुळातून तयार करू शकत नाही. ती अन्नातूनच यावी लागतात. जवसात या गटाचे जे मेदाम्ल असते, त्यापासून मेंदूला आणि डोळ्याच्या पडद्याला लागणारे डीएचए शरीर बनवते, पण फार थोडे. समुद्रातल्या माशात मात्र ते तयारच मिळते. समुद्रातील सूक्ष्म वनस्पती ते बनवतात, लहान मासे त्या खातात आणि ते तेल त्यांच्या अंगात साठते.

आता प्रश्न असा की कुठल्या माशात? उत्तर ऐकून पापलेटवाल्यांना वाईट वाटेल. तारली आणि बांगडा हे खरे तेलाचे मासे. अंडी घातल्यानंतर तारली वाळते, तेव्हा तिच्यात मेद दोन-तीन टक्के इतकाच असतो. पावसाळ्यानंतर ती खाऊन भरते, तेव्हा तो दहा टक्क्यांच्याही वर जातो. पापलेट महाग आहे ते चवीमुळे, काटे कमी म्हणून आणि बड्यांच्या मागणीमुळे. तेलाच्या हिशेबात भरलेली तारली त्याला मागे टाकते. शिवाय ती लहान असते, आयुष्य थोडे जगते. म्हणून मोरी किंवा मोठ्या सुरमईच्या अंगात जसा पारा साठत जातो, तसा तो तिच्यात साठत नाही.

जागतिक अन्न व कृषी संघटना आणि आरोग्य संघटना यांच्या २००८ च्या तज्ज्ञ बैठकीने प्रौढ माणसाला ओमेगा-३ मधील ईपीए आणि डीएचए मिळून दिवसाला २५० मिलिग्रॅम आणि गर्भवतीला ३०० मिलिग्रॅम पुरेसे मानले. आठवड्यातून दोनदा तारलीचे कालवण झाले की हा हिशेब सहज पुरा होतो. हेच तेल कॅप्सूलमध्ये भरून औषधाच्या दुकानात विकले जाते आणि आमचा नोकरदार वर्ग ते भक्तिभावाने गिळतो. अमेरिकेत सुमारे २६ हजार लोकांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली आले. त्यात या कॅप्सूलने हृदयविकार आणि पक्षाघाताचे एकूण प्रमाण लक्षणीय घटल्याचे दिसले नाही. माशात तेलाबरोबर प्रथिने, आयोडीन, ड जीवनसत्त्व आणि काट्यासकट खाल्ला तर चुनाही मिळतो. कॅप्सूलमध्ये हे सारे कुठून येणार?

सुकटीविषयीही सांगितले पाहिजे. ज्या तेलात असंपृक्तता जास्त, त्याला हवा लवकर लागते आणि ते खवट होते. म्हणूनच आमच्या आयाबायांनी बोंबील आणि जवळा उन्हात वाळवला, बांगडा मात्र मिठात घातला. बोंबलात पाणी फार, तेल नावाला, त्यामुळे तो वाळवला तरी बिघडत नाही. रसायनशास्त्राचे पुस्तक न उघडता हे ज्ञान किनाऱ्यावरच्या बायकांनी जपले. सुक्या बोंबलात ओमेगा-३ शोधू नये, पण प्रथिनांसाठी आणि चुन्यासाठी त्याच्याइतके स्वस्त दुसरे क्वचितच मिळेल.

मांसाची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे आम्हाला आमच्याच लोकांशी स्पष्ट बोलले पाहिजे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जंतू चाऱ्यातली असंपृक्त मेदाम्ले संपृक्त करून टाकतात. म्हणून गाय, म्हैस, बोकड यांची चरबी घट्ट असते. कोंबडी आणि डुक्कर यांची चरबी मात्र त्यांनी खाल्लेल्या खाद्यासारखी होते. ब्रॉयलर मका आणि सोयाबीनवर वाढतो, त्यामुळे त्याच्या चरबीत ओमेगा-६ भरपूर आणि ओमेगा-३ अगदी कमी. कातडी काढली की त्याची बरीच चरबी जाते. बोकडाची चरबी बहुतेक पोटात साठते, मांस त्यामानाने सुके असते. काळीज लोह आणि बी-१२ यांची खाण आहे, आणि बी-१२ वनस्पतीत मिळत नाही. मुंडी, पाया, वजडी, काळीज, चान्या हे जे गावकुसाबाहेरच्या माणसाच्या वाट्याला टाकाऊ म्हणून आले, त्यातून पिढ्या जगल्या. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात या स्वयंपाकाची नोंद केली, हे फार मोठे काम झाले. पण आमचे आहे म्हणून सगळेच उत्तम, असा उलटा अभिमानही कामाचा नाही. चरबीचे तुकडे रस्श्यात सोडून वर तेलाचा तवंग हवा, हा हट्ट चाळिशीनंतर महाग पडतो.

इथे काही उपासक आम्हाला अडवतात. ते म्हणतात, बाबासाहेबांनी मांस सोडायला सांगितले. बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडला सोडायला सांगितले ते मेलेल्या ढोराचे मांस. तो प्रश्न स्वाभिमानाचा होता, मांसाहाराच्या निषेधाचा नव्हता. आणि भिक्खूंना शाकाहार सक्तीचा करावा ही देवदत्ताची मागणी तथागतांनी नाकारली, हे विनयपिटकातच आहे. ज्याला शाकाहारी राहायचे त्याने खुशाल राहावे. त्याने जवस, सोयाबीन, दूध यांचा विचार करावा. सक्ती मात्र दुसऱ्यावर नको.

सक्ती कायद्याच्या दारातून कशी येते, हे आम्ही वकिलीत पाहतो. संविधानात कलम ४७ म्हणते की जनतेचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. त्याला लागूनच कलम ४८ आहे, गाय-वासरे आणि दुभत्या व ओढकाम करणाऱ्या गुरांच्या कत्तलबंदीचे. १९४८ मध्ये ठाकूर दास भार्गव यांच्या दुरुस्तीने ते संविधान सभेत आले. दोन्ही कलमे मार्गदर्शक तत्त्वेच. तरी एकाच्या आधारे कायदे झाले, तुरुंग झाले, आणि दुसरे भाषणात उरले. हनीफ कुरेशी खटल्यात १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने गायी-वासरांवरील बंदी मान्य केली, पण निरुपयोगी बैल आणि म्हशींवरील सरसकट बंदी नाकारली. हे मांस गरिबाचे स्वस्त अन्न आहे, हेही त्या निकालात नोंदले गेले. २००५ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक असा निकाल देऊन ती भूमिका बदलली. एकूण मांसात गोमांसाचा वाटा अत्यल्प आहे, प्रथिनांची इतर साधने आहेत, असे कारण दिले गेले. साधने आहेत, पण ती कोणाच्या खिशाला परवडतात? टक्केवारी देशाची काढली, भूक मात्र एका वस्तीची असते. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून बैलही बंदीत आले. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा नाही असे ठरवले, कत्तलबंदी मात्र कायम ठेवली.

अंड्याचेही तेच. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवण्याचा आणि शाळांनी तो लोकवर्गणीतून उभारण्याचा निर्णय झाला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुले खुजी आणि निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. अशा राज्यात मुलाच्या अंड्यासाठी वर्गणी गोळा करायची? तुर्भे स्टोअरमध्ये कोणाकडे?

आणि तारलीवर दुसरीकडूनही घाला आहे. कर्नाटकच्या किनाऱ्यावरच्या कारखान्यांत तारलीची भुकटी आणि तेल काढले जाते. त्यातून कोळंबीचे खाद्य होते आणि ती कोळंबी परदेशी जाते. गरिबाचा मासा श्रीमंत देशाच्या ताटात अशा रीतीने पोहोचतो. इकडे आमच्या पोरांना चौकातल्या गाडीवरचे, काळ्या पडलेल्या तेलात तळलेले ब्रॉयलरचे तुकडे गोड लागतात. वनस्पती तूप आणि तेलातील ट्रान्स मेदाम्लांवर जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे. गाडीवरच्या कढईतले तेल कितव्यांदा तापले, हे कोण तपासते?

त्या ताईला आम्ही सांगितले की गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींत शेजाऱ्याला उपद्रव देऊ नये असे म्हटले आहे, घरात मासे शिजवू नयेत असे नाही. नोटीस आलीच तर ती घेऊन या, आणि त्यात कुठला उपविधी लिहिला आहे तो क्रमांक आधी पाहा. तारली मात्र तळू नका. तळली की तिचे तेल कढईत उतरते आणि कढईचे तिच्यात शिरते. तिरफळ घालून कालवण करा, रस्सा टाकून देऊ नका.