जुनी जीप लांबच्या प्रवासाला तयार करायची आहे? लाइट बार नंतर, आधी ब्रेक फ्लुइड बघा

जुन्या जीपचं रील बघताना आपल्याला काय दिसतं? जाड टायर, टपावर लाइट बार, पुढे लोखंडी बंपर आणि चिखलाचे फवारे. मलाही तेच दिसायचं. बदलापूरला माझ्या मामाकडे १९८९ ची महिंद्रा एमएम ५४० आहे. २०२३ च्या पावसाळ्यात मी तिच्यासाठी फोनमध्ये एक यादी करून ठेवली होती. त्यात पहिल्या नंबरवर लाइट बारच होता.

ऑगस्टमध्ये आम्ही जुन्नरहून माळशेज घाटातून परत येत होतो. मामा चालवत होता, मी शेजारी, मागे मामी आणि मामेभाऊ. धुकं, पाऊस, पुढे एक टेम्पो. मामा टॉप गिअरमध्येच, ब्रेकवर पाय ठेवून उतरत होता. काही वळणं झाली आणि मामा एकदम म्हणाला, "अगं, पेडल मऊ लागतंय." पुढच्या वळणाला ते थेट खाली गेलं. त्याने खालचा गिअर टाकला, इंजिन किंचाळलं, मग हँडब्रेक ओढून डोंगराच्या बाजूच्या चरात चाक घातलं. गाडी थांबली. कुणाला काही लागलं नाही, पण मामी घरी पोहोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

गंमत पुढे आहे. वीस-पंचवीस मिनिटांनी मामाने पेडल दाबून बघितलं तर ब्रेक पूर्ववत. तेल कुठे गळलं नव्हतं, काही तुटलं नव्हतं. मग झालं काय?

पेडल गेलं कुठे आणि परत आलं कसं?

ब्रेक दाबला की मास्टर सिलिंडरमधलं तेल, म्हणजे ब्रेक फ्लुइड, नळ्यांमधून चाकापर्यंत दाब पोचवतं. द्रव जवळजवळ दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत जातो. वाफ मात्र सहज दाबली जाते. उतारावर ब्रेक सतत लावून ठेवला की ड्रम तापतात, ती उष्णता तेलात उतरते आणि तेल उकळून नळीत बुडबुडे होतात. आता तुमचा पाय फक्त बुडबुडे दाबत असतो. गाडी थंड झाली की वाफेचं पुन्हा तेल होतं आणि पेडल 'आपोआप' बरं होतं. हाच सगळ्यात फसवा भाग. बरेच जण इथे "हवा धरली असेल" म्हणून पुढे निघतात.

पण तेल एवढ्यात उकळलं का? कारण ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ दर्जाचं नवं तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर ही हमी १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. मामाला विचारलं, शेवटचं कधी बदललं? "बदलायचं कशाला? कमी झालं की वरून टाकतो की." बदलापूरचे कित्येक पावसाळे त्या बाटलीत मुरले होते. आतलं तेल टपरीवरच्या उकळलेल्या चहाच्या रंगाचं निघालं.

त्या रात्री मी यादी उलटी केली. आधी गाडी थांबली पाहिजे, मग तापता कामा नये, मग रात्री दिसलं पाहिजे, आणि उरलेल्या पैशात हौस.

ब्रेकचं काम अंबरनाथला केलं. तिथल्या एमआयडीसीच्या आसपास लेथवाले भरपूर, त्यामुळे ड्रम गोल करून घेणं, शॅकलचे बुश बनवून घेणं असली कामं एका दुपारी होतात. एक गोष्ट लक्षात ठेवा: ड्रम घासून मोठा होतो आणि त्याला कमाल व्यासाची मर्यादा असते. आमचा एक ड्रम त्यापुढे गेला होता, तो टाकून कुर्ल्याच्या बाजारातून दुसरा आणला, पक्क्या बिलासकट. मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा निघाला. म्हणजे एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. तो काढून दोन सर्किटचा बसवला. पुढे डिस्क ब्रेक बसवायची फार इच्छा होती. गॅरेजवाले काका म्हणाले, "ताई, आधी आहेत ते ब्रेक नीट करा, मग नवीन मागा." पटलं. तेल आता दर दोन वर्षांनी पूर्ण बदलतो. आणि मामा घाट उतरताना आता खालच्या गिअरमध्ये असतो.

रेडिएटरबद्दल थोडक्यात. नुसतं नळाचं पाणी घालू नका, आत गंज आणि क्षार साठतात. आणि झाकणाकडे दुर्लक्ष करू नका. ते आत दाब धरून ठेवतं म्हणून पाणी १०० अंशाला उकळत नाही, ०.९ बारच्या झाकणात ते साधारण ११८ अंशापर्यंत तग धरतं. झाकणाचं रबर गेलं की ही सगळी जास्तीची मुभा गेली.

या जीपला ओबीडी पोर्ट नाही, मग फोनचा काय उपयोग?

नव्या गाडीत पोर्टला डोंगल लावलं की फोनवर सगळी कुंडली येते. एमएम ५४० मध्ये कॉम्प्युटरच नाही. प्यूजोच्या डिझाइनचं २११२ सीसीचं एक्सडीपी डिझेल इंजिन, यांत्रिक पंप, बस्स. तरी सगळ्यात जास्त वापरलेलं हत्यार फोनच.

चेसिसची बीम आतून पोकळ असते आणि गंज आतूनच खातो. बाहेरून रंग मारला की सगळं छान. फोनला लावायचा यूएसबी एंडोस्कोप कॅमेरा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. तो भोकातून आत सोडला तर मागच्या कमानीच्या हँगरजवळ पत्रा पापडासारखा सुटलेला दिसला. व्हिडिओ दाखवल्यावर मामाने वेल्डिंगच्या खर्चावर वाद घातला नाही.

दुसरं म्हणजे आरपीएम. या जीपमध्ये तो काटा नाही. पण चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. आवाजाची फ्रिक्वेन्सी दाखवणारं कुठलंही स्पेक्ट्रम ॲप उघडा, स्फोटांच्या लयीची रेघ शोधा आणि तिच्या हर्ट्झला ३० ने गुणा. ५० हर्ट्झ म्हणजे १५०० आरपीएम. फोनच्या माइकला फार खालचे सूर नीट ऐकू येत नाहीत, त्यामुळे आयडलला हा प्रयोग फसू शकतो.

टायर बदलले असतील तर जीपीएसवर वेग ताडून बघा. २८.९ इंच व्यासाच्या टायरऐवजी ३१ इंची घातला तर मीटर ६० दाखवेल तेव्हा तुम्ही ६४ ने जात असता. आणि खोलण्याआधी प्रत्येक वायरचा, प्रत्येक नटबोल्टचा फोटो काढा. हे सगळे सांगतात आणि मीही आळस केलाच. डॅशबोर्डमागच्या तीन वायरी कुणाच्या, हे शोधण्यात एक रविवार गेला.

एक इशारा. फोन थेट विंडशील्डच्या फ्रेमला घट्ट आवळू नका. इंजिनच्या सततच्या थरथरीने कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन बिघडू शकतं. ॲपलने २०२१ मध्ये मोटरसायकलींबाबत असा इशारा दिला होता. जुनं डिझेल थरथरण्यात कमी नाही. रबर डॅम्पर असलेला होल्डर घ्या.

लाइट बारची गरज होतीच का?

आमचे हेडलाइट देवघरातल्या समईसारखे. म्हणूनच तर मला लाइट बार हवा होता. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधले एक वयस्कर वायरमन अंकल हसले आणि मल्टिमीटर माझ्या हातात दिला. "बेटा, पहले नाप, फिर खरीद."

इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट. बल्बच्या पिनवर ११.६. म्हणजे २.३ व्होल्ट वाटेत गायब! हिशोब सोपा आहे. ५५ वॉटचे दोन बल्ब साधारण ९ अँपिअर ओढतात. बॅटरीपासून डॅशबोर्डचा स्विच, तिथून डिपर, तिथून पुढे हेडलाइट, अशी सहा मीटर वायर, तीही एक चौरस मिलिमीटरची. अशा तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण ०.०१७५ ओहम. ९ गुणिले ६ गुणिले ०.०१७५, म्हणजे जवळपास एक व्होल्ट वायरीतच गेला. उरलेला जळक्या स्विचच्या पॉइंटमध्ये आणि गंजलेल्या अर्थमध्ये. हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने पडतो: व्होल्टेज एक षष्ठांश कमी झालं तर प्रकाश जवळपास निम्मा.

उपाय म्हणजे रिले. स्विचमधून फक्त रिलेला इशारा देणारा किरकोळ करंट जातो. बल्बचा खरा करंट बॅटरीतून फ्यूजमार्गे, जाड वायरीने, थेट जातो. अडीच चौरस मिलिमीटरची दीड मीटर वायर, दोन रिले, फ्यूज, आणि बॉडीवरचा रंग खरवडून घट्ट बसवलेला अर्थ. सगळं सामान हजाराच्या आत. आता बल्बवर १३.७ व्होल्ट येतात आणि बल्ब तेच जुने आहेत.

लाइट बार का नको, याचं गणितही अंकलनीच मांडलं. आमच्या आल्टरनेटरच्या प्लेटवर ३५ अँपिअर लिहिलंय, पण तेवढे पूर्ण वेगात. आयडलला बरेच कमी. पावसातल्या रात्री हेडलाइट ९, वायपर ४, मागचे-पुढचे छोटे दिवे ३, दोन फोनचं फास्ट चार्जिंग ५. झाले २१. त्यात १२० वॉटचा लाइट बार म्हणजे आणखी १०. ट्रॅफिकमध्ये उभं राहिलात की उरलेलं बॅटरी भरते, आणि सकाळी जीप चालूच होत नाही. एक्सडीपीला थंडीत ग्लो प्लग आधी तापवावे लागतात, त्यांनाही दणकून करंट लागतो. शिवाय समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळंच.

आरसीला माहीत नसलेला बदल

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण आमची जीप इथेच अडकली असती. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मामाच्या आरसीची मुदत २०२४ मध्ये संपत होती. म्हणजे कल्याण आरटीओत तपासणी, पर्यावरण कर आणि चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट. आणि आमच्या पेंटरने नंबरवर मस्त पुट्टी भरून रंग मारला होता! हळूहळू खरवडून आकडे वर आणले. ग्राइंडर लावला असता तर खोडाखोडीचा संशय आला असता. रंगकामाआधी त्या जागेवर स्वतः टेप लावा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसरं इंजिन, वेगळा रंग, जादा सीट हे सगळं आरसीवर दिसतं, म्हणून आधी परवानगी. लोखंडी बुलबारविरुद्ध तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलंय. आम्ही रंग मूळचाच ठेवला. माझ्या यादीतला बंपर तिथेच गेला.

"विंटेज नोंदणी करून टाक ना," असं अनेक जण सांगतात. जुलै २०२१ च्या नियमांनुसार त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली हवी. 'व्हीए' अक्षरांची नंबरप्लेट मिळते, पण ती गाडी रॅली, प्रदर्शन, देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. लांब फिरायचं असेल तर ती पाटी तुमच्या उपयोगाची नाही. आणि दिल्लीकडे जाणार असाल तर थांबा: तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश आहेत, कोर्टात त्यात वेळोवेळी बदलही झालेत. निघण्याआधी ताजी स्थिती बघा.

हौसेचं काय?

थोडी केलीच. हुड उल्हासनगरात शिवला. जीन्स शिवणाऱ्या मशीनवर जाड कॅनव्हास सहज जातो. हे शहरच दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या जागेवर, फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी उभं केलंय. जीपही त्याच युद्धात जन्मली. पुढे महिंद्राने मुंबईत विलीज जीप जोडायला घेतल्या आणि मामाची गाडी त्याच घराण्यातली. टपावर कॅरिअर लावला नाही. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो, तेवढंच डिझेल साधारण सतरा किलो. हे वजन डोक्यावर ठेवलं तर वळणावर जीप झुकते. मागे फरशीलगत पेटी बसवली.

आरसीचं काम झाल्यावर बारवी धरणाच्या रस्त्यावर चाचण्या घेतल्या, आणि मग पहिली मोठी फेरी: मुरबाड, माळशेज, ओतूर, कोतूळ, राजूर, भंडारदरा आणि घोटीवरून कसारा घाटाने परत. कसारा उतरताना मामा तिसऱ्या गिअरमध्ये होता. मामीने मागून दोनदा विचारलं, "पेडल कडक आहे ना?" होतं. स्टिअरिंगला मात्र अजून तीन बोटं खेळ आहे. पुढच्या महिन्यात बॉक्स उघडतोय, फोटो आधी काढून.