वाक्यातील कर्ता कसा शोधावा?

प्राथमिक वर्गात वाक्याचे व्याकरण शिकविताना बहुधा व्याख्येपासून आरंभ होतो: क्रिया करणारा तो कर्ता. व्याख्या पाठ होते. परंतु ‘मला भूक लागली’ हे वाक्य फळ्यावर येताच अनेक मुले ‘मी’ असे उत्तर देतात.

यापेक्षा भरवशाची रीत म्हणजे आधी क्रियापद धरावे. त्याचा धातू काढून त्यास ‘णारा, णारी, णारे’ जोडावे व ‘कोण?’ असे विचारावे. लागणारी कोण? भूक. ‘मला आंबा आवडतो’, आवडणारा कोण? आंबा. आंबा कर्ता झालेला पाहून मुले हसतात, आणि जे हसून शिकले ते सहसा विसरत नाहीत.

खरी अडचण भूतकाळात येते. ‘मुलगा भाकरी खातो’, ‘मुलगी भाकरी खाते’ येथे क्रियापद कर्त्याचे ऐकते. ‘मुलाने भाकरी खाल्ली’, ‘मुलाने आंबा खाल्ला’ येथे ते कर्माचे ऐकते. ‘मुलाने बैलाला बांधले’, ‘मुलीने गाईला बांधले’ येथे ते कोणाचेच ऐकत नाही. कर्तरी, कर्मणी, भावे ही नावे यानंतर सांगावीत. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली छापले गेले. पण ‘आंबा खाल्ली’ असे म्हणू नये, हे मुलाला कोणत्याही ग्रंथावाचून घरीच समजलेले असते.

वसतिगृहात मुले आपापल्या गावची बोली घेऊन येतात. ‘म्या भाकर खाल्ली’ म्हणणाऱ्या मुलाला ‘अशुद्ध’ म्हणून अडविले, की ते वर्गात तोंड उघडेनासे होते. वस्तुतः त्याचा कर्मणी प्रयोग बिनचूक आहे. ‘म्या’ हे ‘मी’चे तृतीयेचे जुने रूप असून जुन्या मराठी ग्रंथांत ते आढळते. प्रमाण मराठीत ‘मी खातो’ आणि ‘मी खाल्ली’ या दोहोंत ‘मी’ सारखाच दिसतो. बोलीने तो भेद जपला आहे. परीक्षेत व अर्जात ‘मी’ लागतो, म्हणून तो शिकवावाच. मात्र लेखनातील दुसरे रूप म्हणून.

पालकांनाही सुटीत हा खेळ घरी खेळता येईल. ‘आजीला गोष्ट आठवली’ या वाक्यात दोन्ही नामे स्त्रीलिंगी असल्याने मूल अडखळेल. तेव्हा ‘गोष्ट’ काढून ‘प्रसंग’ ठेवावा: ‘आजीला प्रसंग आठवला’. आजी तीच राहिली, क्रियापद मात्र बदलले. आता आठवणारा कोण, हे मुलालाच विचारावे.