तंबूतील भट्टी आणि घरातला परीक्षक

पदार्थाचा निवाडा जिभेने करावयाचा, हा आपल्या पंक्तीचा जुना रिवाज. दूरचित्रवाणीने तो मोडला. पडद्यावर केक भट्टीतून बाहेर निघतो, परीक्षक त्याचा तुकडा तोंडात टाकतात, आणि आपण घरात बसून ना त्याचा वास घेऊ शकतो, ना चव. तरीही अशा स्पर्धेवर प्रत्येक घरात ठाम मत असते. बहुतेक वेळा परीक्षकांहून निराळे. ज्याने पदार्थ चाखलाच नाही तो नेमके कशावर मत देतो, हा प्रश्न श्रोत्यांपुढे आज ठेवावयाचा आहे.

प्रेक्षकाला मत विचारण्याची आपल्याकडील सुरुवात दिल्लीत झाली. १५ सप्टेंबर १९५९ रोजी येथे प्रायोगिक दूरचित्रवाणीचा आरंभ झाला, तेव्हा घरोघरी संच नव्हते. राजधानीच्या आसपास ‘टेली-क्लब’ नावाची मंडळे स्थापन झाली. ठरलेल्या वेळी शेजारीपाजारी एकत्र जमत, कार्यक्रम पाहत आणि मग त्यावर चर्चा करीत. युनेस्कोच्या साहाय्याने १९६०-६१ मध्ये समाजशिक्षणाची एक मालिका दाखविली गेली. त्यात रहदारीची शिस्त होती, आरोग्य होते आणि अन्नातील भेसळही होती. प्रेक्षकांवर या कार्यक्रमांचा काय परिणाम झाला, याची पद्धतशीर पाहणीही झाली. अन्नाविषयीचा कार्यक्रम पाहून दिल्लीकराने मत द्यावे, ही गोष्ट म्हणजे आजची नव्हे.

आता ज्या स्पर्धेमुळे हा विषय जगभर चर्चेत आला तिच्याकडे वळू. इंग्लंडमध्ये ‘ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ ही स्पर्धा २०१० साली बीबीसीवर सुरू झाली आणि २०१७ पासून चॅनल फोरवर दाखविली जाऊ लागली. पाव, केक, बिस्किटे करणारी ही सारी हौशी माणसे. त्यांत धंदेवाईक कोणी नाही. स्पर्धेचे वैशिष्ट्य असे की ती बंदिस्त चित्रगृहात होत नाही. एखाद्या जुन्या वाड्याच्या हिरवळीवर मोठा पांढरा तंबू उभारतात आणि त्यात भट्ट्या मांडतात. बर्कशरमधील वेलफर्ड पार्क हे स्थळ त्यामुळे प्रसिद्धीस आले. तंबू दिसावयास रमणीय खरा. पण बाहेर ऊन असेल तर आत उष्मा साचतो, आणि डझनभर भट्ट्या त्यात भर घालतात.

भट्टीच्या कामात हवामानाला केवढे महत्त्व आहे, हे पोळीभाकरी करणाऱ्याच्या एकदम ध्यानी येणार नाही. पोळी उन्हाळ्यातही होते आणि थंडीतही. पण ज्या पदार्थात पिठाच्या घड्यांमध्ये लोण्याचे थर राखावयाचे असतात, त्यात लोणी घट्ट राहिले तरच थर सुटे होतात. भट्टीत त्यातील पाण्याची वाफ होते आणि ती थर वर उचलते. लोणी तीसएक अंशांच्या पुढे पातळ होऊ लागते. ते आधीच पिठात मुरले तर पापुद्रे सुटत नाहीत. चॉकलेटचे तेच. अंड्याचा पांढरा बलक साखर घालून फेटतात, तो दमट हवेत ओलावा शोषून चिकट होतो. यीस्टचे पीठ मात्र उकाड्यात झपाट्याने फुगते, आणि वेळेवर लक्ष दिले नाही तर आंबट होऊन बसते. म्हणजे तंबूतला स्पर्धक एकाच वेळी घड्याळाशी आणि आभाळाशी झगडत असतो.

२०१४ च्या ऑगस्टमधील एका भागात याचेच प्रत्यंतर आले. त्या दिवशी उकाडा होता आणि करावयाचे होते ‘बेक्ड अलास्का’, म्हणजे आत आइस्क्रीम आणि वर अंड्याच्या फेसाचा भाजलेला थर. एका स्पर्धकाचे आइस्क्रीम दुसऱ्या स्पर्धक बाईंनी शीतपेटीतून बाहेर काढलेले दिसले. ते वितळले, आणि संतापलेल्या त्या गृहस्थाने सारा पदार्थ कचऱ्याच्या डब्यात फेकला. परीक्षकांपुढे त्याने तो डबाच नेऊन ठेवला आणि तो बाद झाला. तेथील प्रसारण-नियंत्रक संस्थेकडे ८०० हून अधिक तक्रारी गेल्या. त्या तक्रारी चवीविषयीच्या नव्हत्या. चाखण्यासारखे काही उरलेच नव्हते. प्रेक्षक म्हणत होते की त्या माणसावर अन्याय झाला, किंवा त्या बाईंना खलनायिका करून दाखविणारी जुळवणी अन्यायाची आहे.

माझ्या मते प्रेक्षकाच्या मताचे मर्म येथे आहे. चव त्याच्या आवाक्याबाहेर असते, म्हणून तो जे पाहू शकतो त्याचाच निवाडा करतो: वेळ सर्वांना सारखी मिळाली का, सामग्री सारखी होती का, आणि चुकलेल्याला कसे वागविले. आपल्याकडेही २०२३ मध्ये ‘मास्टरशेफ इंडिया’त मासळीच्या फेरीत एका शाकाहारी स्पर्धक स्त्रीला पनीर वापरू दिले, तेव्हा असाच गहजब झाला. पनीर रुचकर झाले की नाही, याची चौकशी फारशी कोणी केली नाही. सवलत योग्य की अयोग्य, यावरच वाद रंगला. सवलत देणाऱ्यांची बाजू मला अगदीच लंगडी वाटत नाही. श्रद्धेने वर्ज्य असलेली वस्तू हाताळावयास लावणे हाही एक अन्यायच आहे. परंतु नियम आधी सांगितला असता तर निम्मा वाद मिटला असता.

इंग्लंडच्या स्पर्धेत २०१८ साली विजयी झाला तो राहुल मंडल, भारतातून तिकडे गेलेला एक बंगाली संशोधक. अंतिम फेरीत उष्म्याने त्याची काचेची बरणी फुटली, काचा टेबलावर उडाल्या, आणि साफसफाईत गेलेल्या वेळेबद्दल त्याला १५ मिनिटे वाढवून मिळाली. लगेच प्रेक्षकांत दोन तट पडले. काचा अन्नात जाऊ नयेत म्हणून थांबणे भागच होते. मला त्यात पक्षपात दिसत नाही.

त्याच फेरीत स्पर्धकांना तंबूबाहेर काढून उघड्या जाळावर ‘पिटा’ नावाची रोटी करावयास लावली होती. अनेक प्रेक्षक यावर नाराज झाले. त्यांचे म्हणणे असे की ही वनभोजनाची गंमत झाली. याला बेकिंग म्हणत नाहीत.

हा आक्षेप आपल्याकडे मांडला तर काय होईल? विदर्भात कणकेचे रोडगे गोवऱ्यांच्या आरात, उघड्या शेतात भाजतात. पानगे पळसाच्या पानांत गुंडाळून भाजतात. चारी बाजूंनी कोरडी धग लागून पीठ आतपर्यंत शिजणे, हीच भाजण्याची क्रिया, मग वर छप्पर असो वा नसो. मराठीत ‘बेक’ला निराळा शब्द नाही. आपण भाजतो किंवा शेकतो. आणि दिवाळीची नानकटाई डब्यात भरून गल्लीच्या भट्टीवर पाठवीत असू, तेव्हाही ती ‘भाजून’च आणीत असू.

दिल्लीचा तंदूर तर या वादाचे सरळ उत्तर आहे. मातीच्या रांजणासारखी ही भट्टी; रोटी तिच्या तापल्या भिंतीला चिकटते, एका अंगाने भिंतीची धग आणि दुसऱ्या अंगाने निखाऱ्यांची आच घेते, आणि पाहता पाहता तयार होते. पंजाबात गावाचा सामायिक तंदूर असे, ‘सांझा चूल्हा’. बायका घरून मळलेली कणीक आणीत आणि तेथे रोट्या लावीत. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांबरोबर ही रीत दिल्लीच्या वसाहतींत आली. १९४७ मध्येच दर्यागंजात ‘मोती महल’ सुरू झाले आणि तंदूर उपाहारगृहाच्या दर्शनी भागात आला. भोवती उभ्या असलेल्या माणसांनी कोणाची रोटी फुगली, कोणाची निखाऱ्यात पडली हे पाहावे आणि मत द्यावे, हे सारे पडद्यावाचूनच चालत होते. फक्त तेथे रोटी खावयासही मिळत असे.

अशी स्पर्धा राजधानी क्षेत्रात खुल्या मैदानावर भरवायची म्हटली, तर ऋतू कोणता निवडावा? मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढे. लोण्याचे थर विसरावेत. श्रावणात हवा दमट. उरतो हिवाळा, आणि तो भट्टीच्या कामास उत्तमही आहे. पण नेमक्या त्याच महिन्यांत दिल्लीची हवा बिघडते, आणि तिच्यासाठी जे टप्प्याटप्प्याचे निर्बंध लागू होतात त्यांत उपाहारगृहांच्या व रस्त्याकडेच्या तंदुरात कोळसा आणि लाकूड जाळण्यास मनाई आहे. वीज अथवा गॅस चालतो. तेव्हा गॅसचा तंदूर लावून स्पर्धा भरवावी लागेल, आणि मग हा खरा तंदूर नव्हेच, असे म्हणणारा प्रेक्षक रोहतकपासून नोएडापर्यंत प्रत्येक घरात भेटेल.